नाडी मोजणं आता पुरे

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "एवढं करून धडधड आहे ती आहेच." मी नुसतं हो-हो केलं आणि रात्रभर जागी राहिले. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितेय.

बाबा, अब्लेशन, म्हणजे बिघडलेल्या ठोक्यांसाठी हृदयाला आतून डाग देण्याचा तो उपचार, फसलेलं नाही. फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरा हृदयाला मिळतात तिथे डॉक्टरांनी मुद्दाम डाग दिलेत, कारण भलते ठोके बहुतेकदा तिथूनच सुटतात. ते व्रण पक्के होईपर्यंत हृदय सुजलेलं, चिडलेलं असतं. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांतल्या धडधडीवरून निकाल लावायचा नसतो. आज कुठे अकरावा दिवस. काहींना पुन्हा एकदा करावं लागतं हेही खरं, पण ते तेव्हाचं तेव्हा.

आग्रह माझाच होता. गोळ्यांवर अजून वर्ष निघालं असतं, असं आई, तुला वाटतं. बोलत नाहीस इतकंच. पण दोन गोळ्या बदलून झाल्या होत्या, बाबा जिन्यात दोनदा खाली बसले होते, आणि अण्णांचा पक्षाघातानं लुळा पडलेला उजवा हात माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. संमतीच्या कागदावरचं सगळं मी तुला वाचून दाखवलं नाही. हृदयाभोवती रक्त साचणं, पक्षाघात... शंभरात एखाद्याला होणारं, पण लिहिलेलं होतं. चुकलं माझं. त्यातला बराचसा धोका सुरुवातीच्या दिवसांतला असतो, ते दिवस गेले.

आता ऐका. रक्त पातळ करणारी गोळी, कितीही बरं वाटलं तरी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस बंद नाही. याच काळात गुठळीची भीती जास्त. जांघेतून नळी घातली होती, तिथला काळानिळा डाग मांडीवर उतरेल, पिवळा पडेल, घाबरू नका. तिथली गाठ वाढली किंवा रक्त आलं तर आडवं व्हायचं, घट्ट दाबून धरायचं आणि मदतीला बोलवायचं. पुढच्या काही आठवड्यांत ताप, छातीत दुखणं, गिळताना त्रास, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर माझ्या फोनची वाट न बघता थेट हॉस्पिटल. डाग देताना हृदयामागच्या अन्ननलिकेला इजा झालेली असू शकते. फार दुर्मिळ, पण जिवावरची. तिथे आधी 'अब्लेशन झालंय' म्हणून सांगायचं आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घशातून दुर्बीण घालू द्यायची नाही.

या आठवड्यात मी येत नाहीये. रजा तपासणीच्या वेळेसाठी राखलीय. दोन्ही वेळा जमलं असतं तर आलेच असते गं. रात्रपाळीला मावशी कबूल झाल्यात, तेव्हा आई, तू दुसऱ्या खोलीत झोप. रात्रभर बाबांचं मनगट धरून बसतेस, त्यानं दोघांचीही झोप जाते.

लहानपणी मला ताप आला की बाबा घड्याळ लावून माझी नाडी मोजायचे आणि आकडा काहीही असो, "ससा पळतोय, पळू दे" म्हणायचे. तेवढ्यावर मी झोपायचे. खरा आकडा तुम्ही कधीच सांगितला नाहीत, बाबा.

तुमची
बाळी

ता. क. पाचव्या दिवशी भरलेली बादली उचललीत हे आईने सांगितलं नाही, तुम्हीच बोलण्याच्या ओघात बोलून गेलात. तिच्यावर चिडू नका.