मोठ्याईबद्दल बोलताना

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तेरवीला दोन शब्द बोलायला सांगितलंय, मोठ्या वहिनीबद्दल काय बोलू?" तेव्हा मला रडूच येत होतं, धड काही सांगता आलं नाही. म्हणून लिहिते आहे. आईलाही वाचून दाखवा. मोठ्याईचं तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आधी एक विनंती. त्या दिवशी जो तो म्हणेल, देवमाणूस होती, हाताला गुण होता. तुम्ही तसं म्हणू नका. हाताचा गुण म्हटलं की तिने मेहनतीने जे शिकून घेतलं ते सगळं झाकून जातं. चौथीत शाळा सुटलेली बाई पस्तिशीत पुन्हा वही-पेन घेऊन बसली, हे सांगा. 1995 साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या 39 गावांत नवजात बाळाची काळजी घरीच घ्यायचं काम सुरू केलं, गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्यात मोठ्याई होती. रोवणीच्या दिवसांतही तिचं प्रशिक्षण चुकलं नाही आणि त्यावरून घरात किती बोलणी खाल्ली, ते तुम्ही पाहिलं आहे.

आई, धाकट्याच्या जन्माच्या वेळी तू ग्लानीत होतीस, मी दाराशी उभी होते. मोठ्याईने आधी नखं पाहिली, कोपरापर्यंत साबणाने हात धुतले आणि पदराला न पुसता तसेच हवेत वाळू दिले. मग बाळाला झोळीत घालून काटा वर धरला. दोन किलोला कमी. आजी गुळाचं पाणी घेऊन बसली होती, आंघोळीचं पाणीही तापलं होतं. मोठ्याई म्हणाली, "आत्याबाई, आज आंघोळ नाही. लेकरू थंड पडते. अन् चीक फेकायचा नाही, तोच पाजायचा." सासूला असं कधी कोणी बोललं नव्हतं. आजी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, पण बाळ कोरडं, गुंडाळलेलं, तुझ्या छातीशी राहिलं.

पुढच्याच आठवड्यात तो दूध ओढेना. तेव्हा तिने ती मण्यांची पाटी काढली. दोन ओळी, वरची दोन महिन्यांच्या आतल्या लेकरांसाठी. सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. बाळाचं पोट वर-खाली होताना मोजायचं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी आला, तर धोका. साठपर्यंत मोजताना चूक होऊ शकते, दहापर्यंत कोणालाही मोजता येतं, म्हणून ती युक्ती. तिने दोनदा मोजलं. दोन्ही वेळा लाल मणी आला. मग तिने जंतुसंसर्गावरचं जेंटामायसिनचं इंजेक्शन काढलं आणि संमतीचा कागद तुमच्यापुढे ठेवला. बाबा, सही तुम्हीच केलीत. तुमचा हात थरथरत होता, असं आई अजून सांगते. ते इंजेक्शन, ती सही, सगळं त्या दिवशी सांगा. धाकटा समोरच बसलेला असेल.

चौथी शिकलेली बाई सुई टोचते म्हणून तेव्हा कमी ओरड झाली नाही. शिकलेसवरलेले लोक अंगणात येऊन तिला सुनावून गेले. ती एवढंच म्हणायची, "मले मोजता येते. मोजलं म्हणून सांगून रायली." त्या गावांत हजार जन्मांमागे 62 बाळं पहिल्या महिन्यातच जायची. 1998पर्यंत तो आकडा पंचवीसच्या आसपास आला. 1999मध्ये हे 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं आणि 2011पासून देशभरातल्या आशा घरोघरी जाऊन हेच काम करू लागल्या. आपल्या ओट्यावर बसून ती वहीत ज्या रेघा ओढायची, त्यांचा हा हिशेब आहे. गावाला हे कोणी सांगितलेलंच नाही.

दारूचं तर गावाला ठाऊकच आहे. 1993मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली, तरी नाल्याकाठी दारू गाळायला मोहाचा सडवा लागायचाच. बायांना घेऊन ती तो ओतून यायची. नंतर रात्री दारावर दगड पडले, त्याची वाच्यता तिने कुठे केली नाही. पण तिची खरी हिंमत मला दुसरीकडे दिसते. अंगावरून पांढरं जातं, पाळी अंगावरच राहते, हे शब्द तिने ओट्यावर, चार बायांत, मोठ्याने उच्चारले. डॉ. राणी बंग यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 बाया तपासल्या, तर 92 टक्के बायांना असले आजार निघाले, आणि फार थोड्यांनी आधी कोणाला दाखवलं होतं. 1989 साली हे छापून आलं. मोठ्याई म्हणायची, दुखते ते सांगायची लाज कायची? आई, तूही तिच्यामुळेच दवाखान्यात गेलीस. तुझी हरकत नसेल तर बाबांना हेही बोलू दे, नसेल बोलायचं तर राहू दे.

सोयरीक जुळताना ती मधेच विचारायची, "सिकलसेलची तपासणी केली का दोघांची?" लोक चिडायचे. पण सिकलसेल हा रक्ताचा आजार आईबापांकडून लेकरांत येतो, आणि दोघेही वाहक असले तर दर खेपेला चारात एक लेकरू आजारी जन्मायची शक्यता असते, हे ती चिडणाऱ्यालाही शांतपणे समजावून द्यायची. माझ्या लग्नाच्या वेळीही तिने विचारलं होतं आणि आम्ही दोघांनी तपासून घेतलं.

आता कामाचं. तिच्या वह्या आणि ती मण्यांची पाटी तिच्या लुगड्यांबरोबर कोणाला देऊन टाकू नका. आपल्या गावच्या आशाताईला द्या. मानधन थकलं म्हणून आशांनी मोर्चा काढला, तेव्हा साठी उलटलेली मोठ्याई त्यांच्यासोबत उन्हात चालली होती. त्या वस्तूंवर आशाताईचा हक्क आहे.

आणि तेरवीला पानसुपारीच्या ताटात खर्रा ठेवू नका. लोक मागतील, नाही म्हणा. त्या पन्नीवर घोटलेल्या सुपारी-तंबाखूने तोंड उघडेनासं झालेली पोरं तिने स्वतः दवाखान्यात नेली होती. तिच्या नावाच्या जेवणानंतर ते वाटलेलं मला बघवणार नाही.

बाबा, बीपीची गोळी सकाळीच घ्या, तेरवीच्या धावपळीत विसराल. मी आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने येते. भाषण कागदावर लिहून ठेवा, रात्री दोघं मिळून वाचून पाहू.

तुमची लेक