मुलगा नव्हे, निशाणदार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’कार टोल्किनच्या देवकथांवरचा लेख आवडीने वाचला. मात्र त्यात एओन्वे या वीराला सरळ ‘मान्वेचा’, म्हणजे या कथांमधल्या देवांच्या राजाचा, ‘मुलगा’ करून टाकले आहे, ते काही पटले नाही.

लेखकाच्या म्हणण्याला आधार आहे, हे आधीच मान्य करतो. टोल्किनच्या अगदी सुरुवातीच्या कथा त्याचा मुलगा ख्रिस्तोफर याने १९८३ आणि १९८४ मध्ये दोन भागांत छापल्या. त्यांत या वीराचे नाव फिओन्वे आहे आणि तो मान्वे आणि त्याची राणी वार्दा यांचा पोटचा मुलगाच आहे. तिथे देवांचे संसार भरलेले दिसतात. तुल्कासला मुलगा, ओरोमेला मुलगी. पुढे टोल्किनने हा गोतावळा आवरता घेतला. १९७७च्या ‘सिल्मरिलियन’मध्ये एओन्वे मायार, म्हणजे दुय्यम देवगणांपैकी एक आहे, मान्वेचा दूत आणि निशाणदार.

आता मान्वे पडला वाऱ्यांचा स्वामी. त्याचा मुलगा म्हणजे आयताच वायुपुत्र! हा मोह मलाही झाला होता. पण देवांचा महाशत्रू मॉर्गॉथ याच्या पाडावानंतरचा प्रसंग पाहा. मॉर्गॉथचा उजवा हात सॉरॉन, हाही मूळचा मायारच, पुन्हा देखणे रूप घेऊन एओन्वेपुढे येतो, लोटांगण घालतो, केल्या कर्मांचा पश्चात्ताप दाखवतो. एओन्वे त्याला माफ करत नाही आणि बेड्याही ठोकत नाही. आपल्याच गणातल्याला क्षमा करण्याचा अधिकार त्याला नाही. मान्वेपुढे उभा राहा, एवढेच तो फर्मावतो. सॉरॉनला ती मानहानी नको असते. एओन्वे परतताच सॉरॉन मिडल-अर्थमध्ये, म्हणजे माणसांच्या आणि एल्फांच्या भूमीत, दडून बसतो आणि अंगठीची पुढची सगळी रामकहाणी घडते. राजाचा मुलगा असता तर त्याने बापाच्या नावाने तिथल्या तिथे निकाल लावला असता. निरोप्याचे हात बांधलेले असतात. सिल्मरिल ही दिव्य रत्ने घडवणाऱ्या फेआनोर या एल्फाची मुले ती परत मागतात, तेव्हा त्यांनाही एओन्वे वालारांच्या, म्हणजे थोरल्या देवांच्या, निवाड्याकडेच बोट दाखवतो.

तेव्हा मुलाचा दूत झाला याला पदावनती म्हणणे मला पटत नाही. कथेला दूतच हवा होता. देवाचे रक्तच शोधायचे असेल तर लूथिएन आहे की! आई मेलियन मायारांपैकी, वडील एल्फ राजा थिंगोल. तिचा वंश थेट ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या राजा अ‍ॅरागॉर्नपर्यंत पोहोचतो आणि त्यासाठी जुने मसुदे उपसावे लागत नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक