गाठ न कापणाऱ्या डॉक्टरबाईंना

आदरणीय डॉक्टरबाई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते खपायचं नाही. वाचलंत तर कळेलच.

माझ्या बाबूला तुमच्याकडे आणण्याआधीचे तीन दिवस काही केल्या डोक्यातून जात नाहीत. बाबू दूध ओकतोय, झोपेतही भात्यासारखा धापतोय, पाय गार पडलेत, हे मी सांगत होते आणि समोरचे गृहस्थ मोबाइलवरून नजर न काढता ‘दात येताहेत, गॅस धरलाय’ म्हणत थेंब लिहून देत होते. स्टेथोस्कोप गळ्यात होता, बाबूच्या छातीला एकदाही लागला नाही. दुसऱ्या दिवशी परत गेले तर हसून विचारलं, ‘पहिलंच मूल का?’ हो, पहिलंच. तिसऱ्या रात्री 108 मधून मांडवी ओलांडताना त्याचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे झाले होते.

विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज. मायोकार्डायटिस हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. औषधं, व्हेंटिलेटर, सगळं करून झालं आणि पहाटे तुम्ही आलात. ‘हृदयाला थोडे दिवस सुट्टी देऊया,’ म्हणालात. मानेच्या उजव्या बाजूला छेद, एक नळी शिरेत, दुसरी धमनीत, मधलं हृदयाचं आणि फुफ्फुसांचं काम बाहेरून एक्मोचं यंत्र करणार. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो हेही लपवलं नाहीत. 9 किलोच्या पोरात रक्त असतं जेमतेम 700 मिली, म्हणून यंत्राच्या नळ्या आधी दुसऱ्याच्या रक्ताने भरतात म्हणे. ते रक्त कुणाचं होतं, देव जाणे. सही करताना मला माझं आडनाव आठवेना.

बाबूच्या गळ्यात साखळी गावच्या दत्ताचा काळा दोरा होता. सिस्टरनी कात्री उचलली. कापला असता तरी मी काही बोलले नसते. तुम्ही विचारलंत, ‘कुणी बांधला?’

‘आजीने.’

‘मग थांबा.’

घामाने घट्ट झालेली ती गाठ तुम्ही नखांनी सोडवलीत, हात धुवायला जायच्या आधी. दोरा गॉजमध्ये गुंडाळून माझ्या मुठीत दिलात. ‘नळ्या काढल्यावर लागेल. हरवू नका.’

‘लागेल’ म्हणालात. ‘लागला तर’ नाही. सहा दिवस मी त्या एका शब्दावर काढले. काळं रक्त बाहेर जाताना आणि लालबुंद होऊन आत येताना बघत होते, मुठीत दोरा.

त्या दिवसांत माणसंही भेटली. बाकावर शेजारी बसलेल्या, कोण कुठल्या बाईने स्वतःचा पेजेचा डबा माझ्या पुढे सरकवला. तिचंही मूल आतच होतं.

नंतर वाचलं, 1975 साली कॅलिफोर्नियात डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी या यंत्रावर एका नवजात मुलीला वाचवलं, आणि तिला नाव मिळालं एस्पेरांझा, म्हणजे आशा. आम्हा गोंयकारांना त्याचा अर्थ सांगायला नको, कांदोळीचं चर्च त्याच नावाचं आहे. कुणाच्या तरी पोटच्या पोरीचं ते नाव वाचून मी खूप रडले.

घरी आल्यावर सासूबाईंनी दोरा परत बांधला. गाठ मात्र डावीकडे घेतली आहे. उजवीकडे तुमचा वण आहे, तिथे काही टोचू नये म्हणतात.

तुमची,
बाबूची आई
डिचोली