डिलीट कर म्हणालो त्या रात्रीबद्दल

पालघर,
रविवार, रात्री साडेदहा

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

आठ दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. आईचा उचलतेस. म्हणजे तब्येत बरी आहे, मेसची भाजी नेहमीसारखीच पांचट आहे आणि राग माझ्या एकट्यावर आहे, एवढं मला कळलं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं की तिसऱ्या ओळीत माझं भांडण सुरू होतं, म्हणून हे कागदावर. दुकानातल्या गठ्ठ्यातले चांगले कागद घेतलेत, झेरॉक्सचे उरलेसुरले नाहीत.

त्या रात्री मी ओरडलो. तू इन्स्टाग्रामवर आपल्या इथल्या वाढवण बंदराबद्दल लिहिलं होतंस. मामाची होडी, वरोरच्या वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळणारे बोंबील, शहात्तर हजार कोटींचं बंदर, आणि आजी विचारते की समुद्रात भराव टाकल्यावर मासे कुठे जायचे. मी ते धड वाचलंही नव्हतं. कुणीतरी मला स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, 'शेठ, पोरीला आवरा, कोणीतरी पोलिसांत देईल.' 'पोलिसांत' हा शब्द तेवढा वाचला आणि तुला फोन लावला. 'आधी डिलीट कर, मग बोल.' तू केलंस. मग बोलली मात्र नाहीस.

मी एवढा का घाबरलो ते तुला सांगायला हवं. तू तेव्हा दुसरीत होतीस, तुला आठवणार नाही.

१७ नोव्हेंबर २०१२, शनिवार. दुपारी बाळासाहेब गेल्याची बातमी आली. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, एकाचं प्रतिज्ञापत्र अर्धं टाइप झालं होतं. मी 'सोमवारी या' म्हणालो आणि शटर ओढलं. मला कुणी सांगायला आलं नव्हतं. गाडी फिरली नाही, दगड पडला नाही. शेजारचा पानवाला मात्र खरंच रडत होता, त्याच्या टपरीत साहेबांचा फोटो होता आणि त्याचं दुःख खोटं नव्हतं. माझं शटर तसं नव्हतं. मी शटर ओढलं कारण उघडं ठेवलं असतं तर काय झालं असतं हे मला माहीत होतं, किंवा माहीत आहे असं वाटत होतं.

रविवारी शिवाजी पार्कवर लाखोंची गर्दी, टीव्हीवर दिवसभर तेच. त्याच दिवशी आपल्या पालघरच्या एका २१ वर्षांच्या मुलीनं फेसबुकवर लिहिलं की माणसं रोज मरतात, जग चालू राहतं, आणि मुंबई आज बंद आहे ती आदरापोटी नाही, भीतीपोटी. शिवी नाही, कुणाला मारा-झोडा नाही. तिच्या मैत्रिणीनं त्याला लाईक केलं. बस, तिचा गुन्हा तेवढाच. तक्रार झाली. लिहिणाऱ्या मुलीच्या नात्यातल्या एका डॉक्टरांचा हाडांचा दवाखाना जमावानं फोडला. सोमवारी दोघींना अटक झाली, भारतीय दंडविधानाचं ५०५(२) आणि आयटी कायद्याचं ६६अ लावलं. त्याच दिवशी कोर्टात उभं केलं आणि पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर सोडलं.

सायली, त्या मुलीनं माझ्या शटरबद्दल लिहिलं होतं. ती मला ओळखत नव्हती, तरी माझंच लिहिलं होतं. आणि मी काय केलं? कोर्टाच्या आवारात माझी रोजची ऊठबस, निम्मे वकील माझ्याकडे टायपिंगला येतात. सगळे दबक्या आवाजात बोलत होते, मीही बोललो, 'कशाला लिहायचं असलं पोरींनी?' हे वाक्य माझं आहे. तुझ्या आईनं ऐकलंय, ती विसरलेली नाही.

पुढे देशभर गवगवा झाला. प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष काटजू यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, मॅजिस्ट्रेटची बदली झाली आणि केसही बंद झाली. त्या निलंबनाच्या निषेधात शिवसेनेनं पालघर बंद पुकारला, तेव्हा मी परत शटर ओढलं. त्या महिन्यात दुसऱ्यांदा.

आता ६६अ म्हणजे काय ते सांगतो, कारण तुमच्या पिढीला वाटतं की ते जुनं प्रकरण आहे, संपलं. आयटी कायद्यात २००८ साली दुरुस्ती झाली, लोकसभेत गोंधळ चालू असताना चर्चेविना मंजूर झाली आणि ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. त्यातल्या या कलमाखाली इंटरनेटवरून 'अत्यंत आक्षेपार्ह' काही पाठवलं, किंवा त्रास, गैरसोय, अपमान व्हावा म्हणून खोटं काही पाठवत राहिलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद. 'आक्षेपार्ह' कुणाच्या मते? ते लिहिलेलं नव्हतं. ते ठाणे अंमलदारानं ठरवायचं, आणि ठाण्यासमोर दोनशे माणसं उभी असतील तर त्या दोनशेंनी. 'गैरसोय' या शब्दात तर आपला एसटी स्टँडही बसला असता.

पालघरच्या बातमीवरून दिल्लीच्या श्रेया सिंघल या मुलीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ ला न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि नरिमन यांनी ६६अ मुळापासून उपटून टाकलं. चर्चा वेगळी, एखाद्या मताचा कितीही कडक पुरस्कार वेगळा, आणि चिथावणी वेगळी. बोलणं चिथावणीपर्यंत पोचल्याशिवाय सरकारला हात घालता येत नाही, असं त्यात म्हटलंय. तो निकाल मी माझ्याच मशीनवर एका वकिलासाठी छापला होता. शंभरावर पानं. पानं मोजली, वाचली नाहीत.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती माझ्या धंद्यातली आहे. रद्द झालेलं कलम मेलं नाही. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे माहिती आली की अकरा राज्यांत ७४५ खटले अजून ६६अ खाली चालू आहेत. न्यायमूर्ती थक्क झाले. सरकारतर्फे अ‍ॅटर्नी जनरल म्हणाले की छापील कायद्यात कलम तसंच आहे, रद्द झाल्याचं फक्त तळटीपेत लिहिलेलं असतं. लोक हसले. मला हसू आलं नाही. माझ्या कॉम्प्युटरवर प्रतिज्ञापत्राचा एक नमुना आहे २००९ चा. नाव बदल, वय बदल, प्रिंट मार. त्यातला एक परिच्छेद कधीच कालबाह्य झालाय, पण तो काढायला कुणाला वेळ आहे? ठाण्यातही माणसंच असतात. मागच्या फिर्यादीवरून पुढची फिर्याद उतरते, आणि तळटीप कोण वाचतो? शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला परत सांगावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. रद्द झालेलं कलम साडेसात वर्षांनी पुन्हा रद्द.

आणि हे कलम नसलं म्हणून काही अडत नाही. दोन गटांत तेढ, धार्मिक भावना, अफवा, यांची कलमं आधीपासून आहेतच, १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेत त्यांचे नंबर तेवढे बदलले. कोल्हापूरच्या एका प्राध्यापकानं व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं, ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. हातकणंगल्याला गुन्हा दाखल झाला. उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला आणि वर म्हटलं की पोलिसांनाच आता अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवायची वेळ आली आहे. चोवीस तासांत आपोआप पुसलं जाणारं ते स्टेटस. त्यासाठी दीड वर्षाहून जास्त कोर्ट.

हे निकाल मी तुला सुटकेच्या गोष्टी म्हणून सांगत नाही. निकाल बहुतेक वेळा चांगलाच लागतो, ते मी तीस वर्षं बघतोय. पण त्याआधीचे दिवस कोण परत देतं? दवाखान्याची काच, कॉलेजचं वर्ष, वकिलाची फी, 'ती बघ ती' म्हणून बोट दाखवणारी गल्ली. त्यातलं काहीच निकालपत्रात येत नाही.

म्हणूनच मे २०२५ मधली पुण्यातली बातमी माझ्या डोक्यात बसली. तुझ्याएवढीच, १९ वर्षांची इंजिनिअरिंगची मुलगी. ऑपरेशन सिंदूरवरची कुणाची तरी पोस्ट तिनं पुढे पाठवली. धमक्या यायला लागल्या तशी दोन तासांत काढून टाकली, माफीही मागितली. तरी अटक, येरवडा, आणि कॉलेजनं नाव काढलं ते वेगळंच. उच्च न्यायालयानं सरकारला फैलावर घेतलं, एका विद्यार्थिनीचं आयुष्य उद्ध्वस्त करताय का म्हणून विचारलं, आणि परीक्षा देता यावी म्हणून त्याच दिवशी सोडायला लावलं. त्या रात्री तुझी पोस्ट दिसली तेव्हा मला ती मुलगी दिसली, पुणे दिसलं, तुझं हॉस्टेल दिसलं.

मग परवा दुकानात बसलो असताना लक्षात आलं. त्या पोरीनं दोन तासांत डिलीट केलंच होतं की! काही वाचलं का? मी तुला जो उपाय सांगितला तो चालत नाही, हे मला आधीच माहीत होतं आणि तरी मी तोच सांगितला. तुला वाचवायला नव्हे, मला झोप लागावी म्हणून. तुझ्यावर फिर्याद कुणीच केली नव्हती. ना पोलीस आले, ना नोटीस. तुझी पोस्ट पोलिसांनी नाही उतरवली, मी उतरवली.

आता कामाचं लिहितो, डोळे फिरवू नकोस. कुणी फोन करून 'जरा चौकीवर येऊन जा' म्हणालं तर लेखी नोटीस मागायची. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस देऊन बोलवायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच सांगून ठेवलंय. सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही. फारच अपवाद असेल तर महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी हवी. अटकेची कारणं लेखी मागायची. फोन घेतला तर पंचनामा वाचल्याशिवाय सही नाही. पहिला फोन मला, रात्री कितीही वाजता. मी ओरडणार नाही. (आईनं वरून वाचलं आणि म्हणाली, 'हे खोटं लिहू नका.' बरं, थोडा ओरडेन, पण स्टेशनला जाऊन पहिली मिळेल ती गाडी पकडेन.)

आणखी एक निकाल तुझ्या कामाचा आहे. मार्च २०२५ चा, न्यायमूर्ती अभय ओक यांचा, ते आपल्या ठाणे शहराचे. एका खासदारानं कवितेसह व्हिडिओ टाकला म्हणून गुजरातेत गुन्हा झाला होता, तो रद्द करताना त्यांनी म्हटलं की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या शहाण्या माणसाच्या मापानं मोजायचा. ज्यांना कुठल्याही टीकेत धोकाच दिसतो अशा डळमळीत माणसांच्या मापानं नाही. ते वाचून मला वाटलं, त्या दुसऱ्या मापाचा माणूस म्हणजे मी.

तरी तुझ्या पोस्टमधली एक ओळ मला खटकली, आणि ती पोलिसांमुळे नाही. गावातल्या एका पुढाऱ्यानं पैसे खाल्ले, असं तू नावानिशी लिहिलंस. तू पाहिलंस का? कागद आहे का? मामा म्हणाला म्हणून? मामा तर आपल्या सख्ख्या चुलत्याबद्दलही तेच म्हणतो. बाकी सगळं तुझ्या डोळ्यांदेखतचं आहे, होडी, वलांडी, आजीचा प्रश्न. त्यात ही ऐकीव ओळ घुसली की समोरचा होडीबद्दल बोलणारच नाही, त्या एका ओळीबद्दल बोलेल, आणि बदनामीच्या दाव्यात तुझ्याकडे उत्तर नसेल.

आता मूळ मुद्दा. बुधवारी मामा दुकानात आला. माझ्यापुढे मोबाईल धरला. तू डिलीट करण्याआधी त्यानं स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. म्हणाला, 'म्हाताऱ्यांकडे मोबाईल नाय, कागदावर काढून दे. वीस दे.' मी मोठा करून प्रिंट काढला, काचेवर ठेवला आणि झाकण लावायच्या आधी थांबलो. ड्रॉवरमधून पांढऱ्या कागदाची पट्टी कापली आणि त्या पुढाऱ्याच्या ओळीवर ठेवली. दस्तातला नको तो मजकूर झाकायला आम्ही ठेवतो तशी. मग वीस प्रती काढल्या. पैसे घेतले नाहीत. मामाला पट्टीचं सांगितलं नाही. त्यानं पाहिलं, थोडा वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिला, काही बोलला नाही.

तुला मात्र सांगतोय. पाकिटात दोन कागद आहेत. एक वीसमधला, पट्टीचा. दुसरा मूळ प्रिंट, जशी तू लिहिली होतीस तशी. यातली कुठली परत टाकायची, की तिसरीच लिहायची, ते तू बघ. टाकलीस तर आईला कळव, ती मला दाखवेल. मला अजून इन्स्टाग्राम उघडता येत नाही.

आईनं सुकट दिलीय, डबा घट्ट बंद केलाय, तरी रूममेटला आधी विचारून उघड.

तुझा,
बाबा