पवईचा हिशेब किलोत मांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुंबईतला पवई तलाव ओसंडून वाहू लागला की दरवर्षी बातमी येते: क्षमता ५४५ कोटी लिटर, पाणी मात्र पिण्यायोग्य नाही. पाऊस सरला की दुसरी येते: अमुक इतके टन जलपर्णी काढली. जलपर्णीचे खत म्हणजे फॉस्फरस; तो तलावात किती किलो आला आणि किती गेला, हे दोन्हींत नसते. जलपर्णी पुन्हा का माजते, याचे उत्तर तिथेच आहे.

जलपर्णीत ९५ टक्के पाणीच. टनभर ओली जलपर्णी वाळवली तर जेमतेम ५० किलो उरते आणि त्यात फॉस्फरस असतो २०० ते २५० ग्रॅम. मलमूत्र आणि कपडे-भांड्यांची पावडर मिळून माणशी रोज दीड ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस सांडपाण्यात उतरतो. म्हणजे एक टन जलपर्णी काढून आपण दीडशे माणसांचा एका दिवसाचा फॉस्फरस बाहेर काढला. दहा हजार टन काढली, तरी चार-साडेचार हजार माणसांचा वर्षभराचा. पवईत तेवढी माणसे दोन-तीन गृहसंकुलांत राहतात! त्यातही काढलेला ढीग काठावरच कुजत ठेवला, तर त्याचा रस पहिल्या पावसात परत तलावात. तणनाशक फवारणे त्याहून वाईट; झाडे बुडून तळाशी कुजतात, पाण्यातला प्राणवायू खातात आणि पहाटे मासे तोंड वर काढू लागतात.

नायट्रोजनपेक्षा फॉस्फरसवर भर का, असे कोणी विचारेल. नायट्रोजनला हवेत जायची वाट आहे, आणि काही निळी-हिरवी शेवाळे तो हवेतून ओढूनही घेतात. फॉस्फरसला हवेची वाट नाही. तो पाण्यात, वनस्पतीत किंवा गाळात राहतो; बाहेर जातो तो उचलून नेला किंवा सांडव्यावरून मिठी नदीत गेला तरच. म्हणून ‘जिवाणूंचे द्रावण टाका, तलाव स्वच्छ’ या जाहिरातीवर खर्च करण्याआधी एकच विचारावे: फॉस्फरस गेला कुठे?

आता आकडे. लिटरमागे ३०-३५ मायक्रोग्रॅम फॉस्फरस ओलांडला की तलाव शेवाळ-जलपर्णीच्या मार्गाला लागतो. कच्च्या सांडपाण्यात तो लिटरमागे ५ मिलिग्रॅम धरू. रोज फक्त १० लाख लिटर सांडपाणी तलावात आले तर वर्षाला सुमारे १,८०० किलो फॉस्फरस; ५४५ कोटी लिटरांत पसरला तर लिटरमागे ३३० मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या दहापट. पावसाळ्यात काही वाहून जातो, काही गाळात बसतो. पण बसलेला तिथेच राहील याची खात्री नाही. तळाचा प्राणवायू संपला की लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटून वर येतो.

म्हणून पहिले काम नाल्यांच्या मुखाशी. एप्रिल-मेमध्ये पर्जन्यजल वाहिनीतून पाणी येत असेल तर ते पावसाचे नक्कीच नव्हे. अशा प्रत्येक मुखाचा प्रवाह मोजावा आणि वरच्या इमारतींच्या शौचालयांत रंग सोडून चोरजोडण्या शोधाव्यात. जोडणी बदलेपर्यंत मुखाशी बुटका बंधारा घालून कोरड्या दिवसांतले पाणी मलवाहिनीकडे वळवावे. ही व्यवस्था फसते ती नेहमीच्या जागी: जाळीत प्लास्टिक अडकते, पंप बंद पडतो आणि पाणी निमूट बंधाऱ्यावरून तलावात जाते. राखीव पंप, जनरेटर आणि पातळी वाढली की वाजणारी घंटा निविदेतच हवी. पहिल्या एक-दोन सरी रस्त्यांची घाण घेऊन येतात. त्याही वळवाव्यात, एवढी वाहिनीची क्षमता असावी.

प्रक्रिया केलेले पाणी तलावात सोडायला हरकत काय? हरकत फॉस्फरसचीच. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यासाठी केंद्र सरकारने काढलेल्या २०१७ च्या अधिसूचनेत त्याची मर्यादाच नाही. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये तळी-तलावांसाठी लिटरला १ मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली. साध्या जैविक प्रक्रियेत फार तर पाव-तृतीयांश फॉस्फरस निघतो. उरलेला तुरटीने उतरवावा लागतो: एक किलो फॉस्फरस काढायला १९-२० किलो तुरटी लागते. नेमकी मात्रा प्रयोगशाळेत जार चाचणी करून ठरवायची, आम्लता वाढू नये म्हणून चुना जवळ ठेवायचा, आणि वाढलेला गाळ वेळेवर काढायचा. नाहीतर तोच पाण्याबरोबर निसटतो. इतके करून १ मिलिग्रॅम गाठला, तरी वरच्याच हिशेबाने वर्षाला ६५-६७ मायक्रोग्रॅमची भर. तेव्हा हे पाणी धरणाच्या खाली किंवा कारखान्यांना द्यावे. बागांना चालेल, पण बाग तलावाच्याच पाणलोटात असेल तर जपून; जादा दिलेले खत पावसाबरोबर घरी परततेच.

तलावातच तुरटी टाकणे, कारंजी, गाळ काढणे हे सगळे नंतरचे. बाहेरची आवक चालू असताना टाकलेली तुरटी एक-दोन हंगामांत नव्या गाळाखाली जाते. उथळ भागात कारंजी तळ ढवळून फॉस्फरस वरच आणतात. शिवाय इथे मगरी आहेत, त्यामुळे काठावर यंत्रे केव्हा उतरवायची हे वनविभागाला विचारूनच ठरावे.

पाण्याच्या तपासणीत बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) आणि जिवाणूंबरोबर एकूण फॉस्फरस, एकूण नायट्रोजन, हरितद्रव्य आणि पांढऱ्या-काळ्या तबकडीने मोजलेली पारदर्शकता दरमहा असावी. विरघळलेला प्राणवायू पहाटे मोजावा. दुपारी शेवाळच तो वाढवून दाखवते. नमुन्याची बाटली साबणाने धुऊ नये, आम्लाने धुवावी, नाहीतर बाटलीतलाच फॉस्फरस मोजला जातो. पुढच्या मे महिन्यात तलावाला मिळणाऱ्या प्रत्येक मुखाचा प्रवाह आणि फॉस्फरस मोजून ते आकडे पालिकेने संकेतस्थळावर टाकावेत. जलपर्णी काढण्याची पुढची निविदा त्यानंतर निघावी.

आपला,
सांडपाणी प्रक्रिया क्षेत्रातील एक अभियंता,
पवई, मुंबई