वैनगंगा-नळगंगाचा हिशोब लोकांसमोर मांडा

संपादक महोदय,

वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला 2024 मध्ये राज्याने मान्यता दिली तेव्हापासून हे पत्र लिहायचं मनात होतं. खर्च सुमारे 87 हजार कोटी, कालवा 426 किलोमीटरचा, वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं पाणी पार बुलढाण्यापर्यंत जाणार आणि 3 लाख 71 हजार हेक्टर भिजणार असं सांगितलं जातं. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, माहेर पवनी तालुक्यातलं, त्यामुळे गोसीखुर्द लहानपणापासून बघत आलेय. पश्चिम विदर्भाला पाणी मिळू नये असं मला अजिबात वाटत नाही. पण या प्रकल्पाचा खर्च-फायदा कसा मोजला, काय काय धरून मोजला, ते लोकांना बघायला मिळालं पाहिजे.

साधा भागाकार करा. हेक्टरी साडेतेवीस लाख रुपये येतात. आपल्याकडे सिंचन प्रकल्पाचं लाभव्यय गुणोत्तर, म्हणजे खर्चाच्या किती पट फायदा, ते काढताना भांडवलावर वर्षाला 10 टक्के व्याज धरतात, वर घसारा आणि देखभाल. नुसतं व्याजच हेक्टरी 2 लाख 35 हजार, म्हणजे एकरी 95 हजार झालं. आता एकरी 10 क्विंटल कापूस धरा, 7 हजारांचा भाव धरा, सगळे मिळून 70 हजार, तेही बियाणं, खत, मजुरी न काढता, आणि फायदा म्हणून खरं तर फक्त पाण्यामुळे वाढलेलं उत्पन्न धरायचं असतं, सगळं पीक नाही. थोडं पाणी पिण्यासाठी आणि उद्योगांसाठीही आहे, त्यामुळे सगळा भार शेतीवर टाकणं बरोबर नाही हे मान्य. तरी मंजुरीसाठी लागणारं गुणोत्तर, म्हणजे 1.5 च्या वर, किंवा अवर्षणप्रवण भाग म्हणून 1 च्या वर, नेमकं कोणतं पीक आणि कोणता भाव धरून येतं ते सांगा ना.

दुसरं म्हणजे वेळ. ही पद्धत वर्षाचा फायदा भागिले वर्षाचा खर्च अशी आहे, त्यात प्रकल्प पूर्ण झालाय आणि सगळं क्षेत्र भिजतंय असंच धरलेलं असतं. मधली वर्षं कुठेच दिसत नाहीत. 10 टक्के दर लावला तर 20 वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत जेमतेम 15 रुपये होते. गोसीखुर्दला 1983 मध्ये मान्यता मिळाली 372 कोटींची, भूमिपूजन 1988 ला, राष्ट्रीय प्रकल्प झाला 2009 ला आणि सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता) होत होत 2016 पर्यंत खर्च गेला 18 हजार 494 कोटींवर. महागाई 10-12 पट धरली तरी 372 चे पावणेचार ते साडेचार हजार कोटी होतात, बाकीच्याचं काय? आमच्याकडे ज्याने कालव्याला जमीन दिली त्याचा नातू आता शेती करतोय, आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, गावांना पाणी कधी येणार हा प्रश्न अजून तसाच आहे. म्हणून प्रत्येक प्रकल्पाला हे विचारायला हवं की काम 10 वर्षं लांबलं आणि खर्च दीडपट झाला तर गुणोत्तर किती उरतं.

तिसरी चूक सगळ्यात जास्त होते. प्रकल्पाआधीची शेती आणि नंतरची शेती यांची तुलना करतात. तुलना प्रकल्पासह आणि प्रकल्पाविना अशी हवी, कारण कालवा आला नसता तरी लोकांनी विहिरी खोदल्या असत्या, ठिबक लावलं असतं, बियाणं सुधारलं असतं, तो फायदा कालव्याच्या नावावर कसा टाकायचा? आणि त्याच पैशात दुसरं काय झालं असतं तेही मांडायला हवं. पूर्व विदर्भात हजारो मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, गाळाने भरलेले, पाळी फुटलेले. त्यांच्या दुरुस्तीचा हेक्टरी खर्च आणि नदीजोडचा हेक्टरी खर्च एकाच कागदावर शेजारी शेजारी ठेवा.

जे पैशात दिसत नाही तेही खर्चातच येतं. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हान आणि पुढे वैनगंगेत येतं, ते गोसीखुर्दच्या जलाशयात साचतं, काठच्या गावांचं पाणी आणि मासेमारी दोन्ही बिघडली. हे आता बुलढाण्याला पाठवायचं तर आधी शुद्ध करावं लागेल, तो खर्च 87 हजार कोटींत धरलाय की नाही?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, गोसीखुर्दचे उरलेले कालवे पूर्ण करायलाच हवेत. झालेला खर्च परत येत नाही, आता फक्त उरलेला खर्च आणि त्यातून येणारं पाणी बघायचं, आणि धरण उभं असल्याने तो हिशोब बहुतेक फायद्याचाच निघेल. पण "एवढे घातलेच आहेत तर अजून घाला" हे त्याचं कारण असू शकत नाही, आणि नवीन प्रकल्पाला तर ते लागूच होत नाही.

1948 मध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायद्यांची गावोगाव पाहणी करून अहवाल छापला होता, कालवे झाल्यानंतर कित्येक वर्षांनी. तशी पाहणी गोसीखुर्दच्या लाभक्षेत्रात व्हावी, आणि नदीजोडचं पहिलं टेंडर निघायच्या आधी तिचे आकडे प्रत्येक ग्रामपंचायतीत मराठीत लावावेत, एवढीच मागणी आहे.

— एक प्राध्यापिका, भंडारा