शेजारी उभ्या असलेल्यांना शोध

पेडणे, गोवा

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

आप्पाआजोबांचा म्हणून तू पाठवलेला नेव्हीतल्या अधिकाऱ्याचा फोटो काल रात्री मोठा करून करून पाहिला. हे आप्पाआजोबा नव्हेत. तोंडावळा जुळतो, नाही म्हणत नाही. पण आपल्याकडच्या निम्म्या पुरुषांचा तोंडावळा एकमेकांशी जुळतो, आणि वर नेव्हीची टोपी चढवली की उरलेल्या निम्म्यांचाही जुळायला लागतो. तू चेहरा बघत बसलास. बाहीकडे बघायला हवं होतं.

तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीत अधिकारी तीन तऱ्हांचे असत. कायम नोकरीतल्यांच्या बाहीवर सोनेरी फीत सरळ. व्यापारी जहाजांवरून रिझर्व्हमध्ये आलेल्यांची फीत वेणीसारखी गुंफलेली. आणि लढाईपुरते भरती झालेले जे व्हॉलंटिअर रिझर्व्हवाले, त्यांची फीत नागमोडी. आमचे आप्पाकाका, म्हणजे तुझे आप्पाआजोबा, या तिसऱ्यांतले. गिरगावात राहून कॉलेज करणारा मुलगा, १९४२ साली अर्ज भरून थेट नेव्हीत गेला. तू पाठवलेल्या माणसाच्या बाहीवरच्या दोन्ही फिती पट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत. शिवाय दोहोंच्या मधे पांढरं कापड आहे. पांढरं म्हणजे पेमास्टर, हिशेब आणि पुरवठ्याकडचा माणूस. डॉक्टरांचं तांबडं, इंजिनिअरांचं जांभळं. काळ्यापांढऱ्या फोटोत तांबडं-जांभळं ओळखणं कठीण, पांढरं मात्र लपत नाही. आप्पाकाका डेकवरचे, त्यांच्या फितींच्या मधे काहीच असायला नको. तेव्हा हे कुणा दुसऱ्या घरचे आजोबा आहेत, आणि त्यांच्या घरचे कदाचित त्यांना शोधत असतील. ज्याने फोटो टाकला त्याला आपलं नाव कळवलं असशील तर आधी ते मागे घे.

तू विचारलंयस की एवढ्या मोठ्या घरात युनिफॉर्ममधला एकही फोटो कसा नाही. तुला शाळेत गोव्याचा इतिहास १५१० आणि १९६१ या दोन सालांत आटोपून शिकवला, त्यामुळे मधलं राहिलं. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणजे गोवाही तटस्थ. जर्मनांची तीन व्यापारी जहाजं आणि इटलीचं एक मुरगावच्या बंदरात आसरा घेऊन वर्षानुवर्षं नांगरून होती. मार्च १९४३ मध्ये कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिशांच्या तुकडीचे लोक एका रात्री चोरून त्यांतल्या 'एरेनफेल्स' या जर्मन जहाजावर चढले, तेव्हा जर्मन खलाशांनी आपली जहाजं स्वतःच पेटवली. अशा मुलखात ब्रिटिशांच्या बाजूचा अधिकारी युनिफॉर्म घालून आला असता तर त्याला तटस्थ सरकारने धरून ठेवायला हवं होतं. म्हणून आप्पाकाका रजेवर यायचे ते सावंतवाडीहून बांद्यापर्यंत, आणि पुढे पत्रादेवीची हद्द ओलांडायचे धोतर-कोटात. पेडण्याच्या घरात त्या वर्षांतला त्यांचा जो एक फोटो आहे तो असाच, कोटातला. बघणाऱ्याला वाटेल, शाळामास्तर.

बोटीवरून पाठवलेल्या पाकिटात एखादा फोटो आला असेलही. पण १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रह्यांवर गोळीबार झाला, त्यानंतर आपल्या भागात पोर्तुगीज पोलीस घरं धुंडाळायला लागले. मुंबईची पत्रं, भारतीय पुढाऱ्यांची चित्रं, काहीही निमित्ताला पुरे व्हायचं. आजीने तेव्हा पुष्कळ कागद न्हाणीघराच्या चुलीत घातले. तिला दोष देऊ नकोस, घरात दोन तरणे मुलगे होते.

मुक्तीनंतर, १९६२ च्या चवथीला आप्पाकाका आले तेव्हा आईसाठी एक ग्रुप फोटो घेऊन आले. तो आपल्याकडे आहे, सोप्यावर, घड्याळाच्या खाली. तू लहानपणी त्याला 'क्रिकेट टीम' म्हणायचास. पांढऱ्या पोशाखातले तरुण तीन ओळींत, पुढे जमिनीवर बुडणाऱ्याला टाकतात ते तरंगतं कडं, त्यावर 'फिरोज' असं लिहिलेलं. हे 'फिरोज' म्हणजे जहाज नव्हे. मुंबईत मलबार हिलवर रिझर्व्ह अधिकाऱ्यांना तयार करण्याचं केंद्र होतं, त्याचं नाव एच.एम.आय.एस. फिरोज. नेव्हीवाले जमिनीवरच्या इमारतींनाही जहाजाचंच नाव देतात आणि बाहेर पडताना 'किनाऱ्यावर जातो' म्हणतात. म्हणजे हा त्यांच्या कोर्सचा फोटो.

आता खरी हळहळ ऐक. अशा फोटोंच्या खालच्या पुठ्ठ्यावर ओळीने सगळ्यांची नावं छापलेली असत. म्हापशाच्या फ्रेमवाल्याने फोटो आपल्या तयार फ्रेमच्या मापात बसवायला तो पुठ्ठा कापून टाकला. वरच्या ओळीतल्या अक्षरांचे माथे तेवढे उरलेत. फोटो नीट, नावं गायब. आणि इतक्या पावसाळ्यांत तो काचेला असा चिकटलाय की सोडवायला गेलं तर चेहरे काचेवर राहतील आणि कागद हातात येईल. तुझे बाबा वाफ द्यायला निघाले होते, मी त्यांना स्वयंपाकघरातून हाकललं. काचेवरूनच फोटो काढून घेतलाय, खिडकीकडे पाठ न करता, उजेड एका बाजूने तिरका येईल असा. तसा तिरका उजेड पडला की कोपऱ्यातला दाबून उठवलेला स्टुडिओचा शिक्काही थोडा दिसतो. सोबत पाठवते आहे.

मधल्या ओळीत डावीकडून तिसरे ते आप्पाकाका, असं आपण सगळे समजत आलो. ते खरं का, हे विचारायला चेहरा ओळखणारं एकच माणूस उरलंय, म्हापशाची आत्या. पण आत्याला विचारायची रीत आहे. तिच्यासमोर फोटो धरून "हा आप्पा ना गे?" म्हटलं की ती प्रेमाने "हो, आप्पाच" म्हणते. तुझ्या मावशीने मागच्या खेपेला मुद्दाम दुसऱ्याच कुणाचा फोटो दाखवला, तोही आप्पाच निघाला. म्हणून मी फक्त फोटो तिच्या मांडीवर ठेवला आणि वालीच्या शेंगा मोडत बसले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग मागच्या ओळीतल्या एका उंच गोऱ्या माणसावर बोट ठेवून म्हणाली, "हा गिरगावच्या खोलीवर यायचा. याला आमची सोलकढी तिखट लागायची." आणि त्याच्या पुढे, मधल्या ओळीत तिसऱ्यावर बोट आणून, "आणि आप्पा हसायचा." हे मी पुरावा मानते. न विचारता सांगितलंय.

तर बाबू, माझं म्हणणं असं. तू आप्पाआजोबांना शोधणं सोड. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्यांना शोध. फोटोत निम्मे तरी गोरे आहेत. चहाच्या मळ्यांतले, मुंबई-कलकत्त्याच्या कंपन्यांतले साहेब लोक लढाईत व्हॉलंटिअर रिझर्व्हमध्ये पुष्कळ गेले होते. प्रत्येकाने या फोटोची एक प्रत घेतली असणार. आपली फ्रेमवाल्याने कापली, त्यांची सगळ्यांची कापली गेली नसणार. त्यातले बहुतेक पुढे विलायतेला परतले, तिथे आल्बम जपायची चाल आहे, आणि आता त्यांची नातवंडं ते आल्बम एक तर म्युझियमला देतात नाहीतर लिलावात काढतात. आप्पाकाकांचं नाव टाइप करून काही मिळणार नाही, कारण तिकडे ते नाव कुणाला लिहिताच आलं नसेल. 'फिरोज', 'मलबार हिल', '१९४२' हे शब्द घालून बघ.

नावाचंही लक्षात ठेव. गोव्यातल्या पोर्तुगीज कागदांत प्रभूंचे 'पोरोबो' होत आणि कामतांचे 'कामोतीं'. आपल्याही आडनावाचं तसंच झालंय. नेव्हीच्या यादीत ते मुंबईच्या इंग्रजी स्पेलिंगने असेल. आणि गाव पेडणे शोधू नकोस. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे आप्पाकाकांचा जन्म वेंगुर्ल्याचा, म्हणजे कागदोपत्री रत्नागिरी जिल्हा, ब्रिटिश मुलूख. 'गोव्यातला अधिकारी' असं लिहिलेल्या कुठल्याही फोटोत ते सापडणार नाहीत. तू त्याच वाटेने गेलास म्हणून पेमास्टर भेटला.

लंडनला गेलास की लँबेथ रोडला इम्पीरियल वॉर म्युझियमचा फोटोसंग्रह बघून घे. तिथल्या फोटोंचे नंबर बोलके असतात. ॲडमिरल्टीच्या, म्हणजे ब्रिटिश नौदल खात्याच्या, सरकारी फोटोंना आधी 'ए' लागतं, हिंदुस्थानातल्या सरकारी फोटोग्राफरांच्या कामाला 'आयएनडी'. आप्पाकाका 'जमना'वर होते एवढं नक्की, ते त्यांनी स्वतः सांगितलंय. जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या किनाऱ्यावर दोस्तांचं सैन्य उतरलं तेव्हा हिंदुस्थानच्या 'सतलज' आणि 'जमना' या दोन युद्धनौका तिथे होत्या. जानेवारी १९४५ मध्ये 'जमना' ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यावर, 'नर्बदा'च्या जोडीने. या दोन ठिकाणचे डेकवरचे फोटो बघ. फोटोखालच्या मजकुरात जहाजाचं नाव नसेल तर निराश होऊ नकोस. लढाई चालू असताना सेन्सॉर जहाजाची नावं गाळायचा, रडारचे भाग फोटोवरून पुसून टाकायचा. सेंट पँक्रासच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत, तिथे फोटोपेक्षा याद्या मिळतील. कोर्समधली नावं जुळवायला याद्याच लागणार.

दुसरा फोटो मात्र इथेच, मुंबईत कुठेतरी असावा अशी मला आशा आहे. आत्या शाळेसाठी गिरगावला होती तेव्हा तिने खोलीत भिंतीवर एकट्या आप्पाकाकांचा फोटो पाहिलाय, छातीवर रंगीत पट्ट्यांची एक ओळ असलेला. "तीन होत्या" म्हणते. एकेक पट्टी म्हणजे एकेक पदक. एकच असती तर १९४३ चाही म्हणता आला असता. पण इटलीचा स्टार आणि बर्माचा स्टार ही पदकं जाहीरच झाली मे १९४५ मध्ये, तेव्हा तीन पट्ट्यांचा फोटो त्याआधीचा नाही. आणि १९४६ मध्ये ते नेव्हीतून मोकळे झाले. म्हणजे तो फोटो साधारण वर्षभराच्या अवधीतला. फोर्ट ते बॅलार्ड इस्टेट या पट्ट्यातले स्टुडिओच बघायचे. तुझ्या मामेभावाला बॅलार्ड इस्टेटच्या हॅमिल्टन स्टुडिओत जायला सांगितलंय. तो १९२८ पासूनचा आहे आणि जुन्या निगेटिव्ह त्यांनी सांभाळल्यात. नाव, अवधी आणि युनिफॉर्म एवढं लिहून दिलंय त्याच्याजवळ. ॲडमिरल आवटींनी १९७८ साली मुंबईत सुरू केलेल्या मेरिटाइम हिस्टरी सोसायटीलाही पत्र टाकते आहे. इथे जो तो मला बोगमाळोच्या नेव्हीच्या म्युझियमात जा म्हणून सांगतो. म्युझियम सुंदर आहे, पण ते विमानांचं आहे.

खोलीतली ती फ्रेम कुठे गेली ते विचारू नकोस. काका गेल्यावर ज्यांनी खोली रिकामी केली त्यांनी पितळेची भांडी मोजून घेतली आणि कागद रद्दीत घातले.

एक गोष्ट तुला सांगून ठेवते, कारण फोटो मिळाला की तुम्ही पोरं त्याखाली 'स्वातंत्र्यसैनिक' लिहून मोकळे व्हाल. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार' या नेव्हीच्या जमिनीवरच्या केंद्रात खलाशांनी बंड पुकारलं आणि ते नेव्हीभर पसरलं. आप्पाकाका तेव्हा नोकरीत होते आणि अधिकारी होते. त्या दिवसांत त्यांनी काय केलं, हे त्यांनी कधीही सांगितलं नाही. पेडण्याच्या बाजारात कुणी कौतुकाने विचारलं की ते सुपारीचा भाव विचारायला लागत. भले लढले असतील, भले गप्प बसले असतील. फोटोखाली नाव, हुद्दा, जहाज आणि साल, एवढंच लिहायचं.

कुणाच्या आल्बममध्ये काही दिसलं तर फोटो सुटा काढून मागू नकोस. आल्बमचं पान पुरं, कडांसकट, आणि फोटो सैल असेल तर त्याची पाठही टिपून घे. पाठीवरचं पेन्सिलीचं एक अक्षरही माझ्या उपयोगाचं आहे. आणि मिळालं की घरच्या ग्रुपवर टाकू नकोस. तिथे पाच मिनिटांत सगळे 'आप्पाच' म्हणतील आणि मग आत्याच्या कानावर जाईल. आधी फक्त मला पाठव. मी म्हापशाला जाईन, तिच्या मांडीवर ठेवीन आणि काही बोलणार नाही.

तुझी,
आई